मसीहुल मुल्क हकीम अजमल खान : वैद्यकी नावाची अमानत

यवतमाळ, पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड या आपल्या भागातील गावांत हकीम हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. आठवडी बाजारात चादर अंथरून रंगीत बाटल्या मांडणारा हकीम, दुखऱ्या गुडघ्यावर तेल चोळणारा हकीम, आणि तिब्बी महाविद्यालयात काही वर्षे घालवून शासनाच्या नोंदवहीत ज्याचे नाव चढले आहे तोही हकीमच. मूळ अरबी शब्दात हिकमत आहे, शहाणपण आहे. तो शब्द ज्याला लावायचा त्याच्या अंगी विद्या हवी, तिच्या मर्यादेचे भान हवे आणि रुग्णाने टाकलेल्या विश्वासाची जाणीव हवी. वैद्यकाची ओळख नसताना जो उपचार करतो तो होणाऱ्या हानीस जबाबदार असतो, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अबू दाऊद आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत आली आहे. चौदा शतकांपूर्वी सांगितलेली ही जबाबदारी गेल्या शतकात आपल्या देशात ज्यांनी सर्वांत गंभीरपणे मनावर घेतली, त्यांत दिल्लीचे हकीम अजमल खान यांचे नाव अग्रभागी येते.

त्यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८६८ रोजी, हिजरी १२८४ च्या शव्वाल महिन्यात, दिल्लीतील बल्लीमारान भागातल्या शरीफ मंझिलमध्ये झाला. घराणे वैद्यकीचे. पूर्वज बाबराबरोबर हिंदुस्थानात आले होते, आणि मोगल दरबारातील नामांकित हकीम शरीफ खान यांच्या नावाने पुढे सारे कुटुंब शरीफी म्हणून ओळखले जाऊ लागले. वडील हकीम महमूद खान यांच्या काळात १८५७ चे संकट आले. सारी दिल्ली उद्ध्वस्त होत असताना त्यांच्या गल्लीवर मात्र पतियाळाच्या महाराजांच्या सैनिकांचा पहारा बसला, कारण हे कुटुंब पतियाळा दरबाराची वैद्यकीय सेवा करीत होते. शेजारीच राहणारे कवी मिर्झा गालिब त्या आश्रयामुळे वाचले. घाबरलेली कित्येक कुटुंबे त्या वेळी हकिमांच्या आसऱ्याला आली होती. अजमल खान जन्मले तेव्हा ही आठवण अकराच वर्षांची होती. एका वैद्याच्या नावावर लोक आपला जीव सोपवतात आणि ते नाव राखावे लागते, हे त्या घरातल्या मुलाला वेगळे शिकवण्याची गरज पडली नसावी.

लहानपणी त्यांनी कुरआन मुखोद्गत केला. अरबी, फारसी, तर्कशास्त्र आणि मग तिब्ब असे शिक्षण घरच्या वडीलधाऱ्यांकडे आणि दिल्लीतील उलमांकडे झाले. थोरले बंधू हकीम अब्दुल मजीद खान यांनी दिल्लीत मदरसा तिब्बिया सुरू केला होता. घराण्यातील मुलांपुरती असलेली विद्या बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी खुली करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. अनेक घराण्यांत नुस्खे पेटीत बंद असत. बापाकडून मुलाकडे जात, आणि मुलगा नसेल तर बापाबरोबर कबरीत जात. १८९२ मध्ये अजमल खान रामपूरच्या नवाबांचे मुख्य हकीम झाले आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिले. रामपूरचा प्रसिद्ध ग्रंथसंग्रह त्यांच्या हाताखाली होता. तेथे त्यांनी भरपूर वाचन केले. वडील व बंधू यांच्या निधनानंतर ते दिल्लीस परतले आणि घरच्या मतबची व मदरशाची धुरा त्यांच्यावर आली.

मतबमध्ये त्यांचा नियम साधा होता. दिल्लीत जो दारी येईल त्याच्याकडून तपासणीचे शुल्क घ्यायचे नाही. राजेरजवाड्यांनी दिल्लीबाहेर बोलावले तर मात्र दिवसाला हजार रुपये आकारायचे. आजच्या हिशेबाने ही रक्कम किती होईल याची कल्पना वाचकांनीच करावी. काही जण यात केवळ औदार्य पाहतात. मला त्यात व्यवहाराची स्पष्टता अधिक दिसते. कोणाकडून घ्यायचे आणि कोणाकडून नाही हे आधी ठरलेले असले, की रुग्णाच्या कपड्यांकडे पाहून निदान बदलत नाही. अर्थात या व्यवस्थेला दुसरी बाजू आहे. गरिबांची सेवा श्रीमंत संस्थानिकांच्या पैशावर उभी राहिली, तर वैद्याला संस्थानिकांच्या मर्जीत राहावे लागते. अजमल खानांनाही हे ओझे आयुष्यभर वाहावे लागले, आणि ते त्यांनी नाकारल्याचे कोठे दिसत नाही.

मिळालेला पैसा गेला कोठे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. दिल्लीत हिंदुस्थानी दवाखाना उभा राहिला. तेथे युनानी आणि आयुर्वेदिक औषधे एका ठरलेल्या पद्धतीने तयार होत आणि विक्रीचा नफा तिब्बी शिक्षणाकडे वळवला जाई. घराण्याचे नुस्खे अशा रीतीने एका संस्थेच्या स्वाधीन झाले. औषधात काय आहे, ते शुद्ध आहे की भेसळीचे, त्याचे प्रमाण किती, हे रुग्णाला कळत नाही. वैद्याला कळते. या फरकातूनच फसवणुकीला वाव मिळतो. ठरलेल्या मापाने आणि उघड कारभाराने औषध बनवणे म्हणजे तो वाव स्वतःहून कमी करणे होय. १९०९ मध्ये स्त्रियांसाठी वेगळा तिब्बी मदरसा सुरू झाला. परपुरुषापुढे आजार सांगायला संकोचणारी पडदानशीन स्त्री उपचाराविना मरते, आणि अडाणी सुईणीच्या हाती बाळ-बाळंतीण दोघेही जातात, हे दुःख त्या काळी घरोघर होते. त्यावर मुलींना शिकवणे हाच उपाय आहे, असे त्यांनी ठरवले.

आणि मग मुंबईचा कायदा आला. १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात वैद्यक व्यावसायिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. नोंदवही फक्त पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांसाठी होती. वैद्य आणि हकीम तिच्या बाहेर राहिले. त्यांच्या प्रमाणपत्राला सरकारदरबारी किंमत उरली नाही, आणि नोंदणीकृत डॉक्टरने त्यांच्याबरोबर काम केल्यास त्याचेच नाव कापले जाण्याचे भय निर्माण झाले. हा वारा मुंबईपुरता थांबला नाही. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता, आणि तेथेही १९१६ मध्ये असाच कायदा झाला.

अजमल खानांनी या संकटाची चाहूल आधीच घेतली होती. १९१० मध्येच त्यांनी वैद्य व हकीम यांची अखिल भारतीय परिषद स्थापन केली होती. या परिषदेविषयी लिहिताना बरेच लेखक फक्त सरकारविरोधाचे वर्णन करतात. मला मात्र दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. सरकारचा आक्षेप अन्याय्य असला तरी संपूर्ण खोटा नव्हता, हे हकीम साहेबांनी ओळखले होते. कोणीही उठावे आणि नाडी धरावी, असा कारभार देशभर चालला होता. शस्त्रक्रियेची विद्या हकिमांनी सोडून दिली होती. शरीररचना ते ग्रंथांत वाचत, प्रत्यक्ष पाहत नसत. म्हणून त्यांनी दुहेरी मार्ग धरला. बाहेर कायद्याला विरोध, आणि घरात शिक्षण, परीक्षा व पात्रता यांचा आग्रह. आपल्या बिरादरीवर कोणी टीका केली की आपण बहुधा पहिला अर्धाच भाग करतो.

या दुसऱ्या भागासाठी त्यांना आपल्याच माणसांचा रोष पत्करावा लागला. लखनौच्या प्रसिद्ध अझीझी घराण्यातील हकिमांना युनानी आणि आयुर्वेद एकत्र आणणे मान्य नव्हते. तिब्बमध्ये पाश्चात्त्य शरीरशास्त्र मिसळले तर तिची शुद्धता जाईल, असे म्हणणारेही होते. हकीम साहेबांचे म्हणणे असे, की मुसलमान हकिमांनी एके काळी ग्रीकांकडून विद्या घेतली, चरक-सुश्रुतांचे ग्रंथ बगदादमध्ये अरबीत नेले, मग आता शिकायचे थांबवावे असे काय घडले? रुग्णाच्या प्राणापुढे घराण्याचा अभिमान लहान ठरतो, ही त्यांची भूमिका होती.

१९११ मध्ये ते युरोपला गेले. लंडन, पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना येथील रुग्णालये, महाविद्यालये व ग्रंथालये त्यांनी पाहिली. लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात तेव्हा डॉ. मुख्तार अहमद अन्सारी काम करीत होते. तेथील एक प्रसंग चरित्रकार आवडीने सांगतात. शल्यविशारद बॉइड यांनी एका रुग्णाचा दोष पित्ताशयात आहे असे ठरवले होते. हकीम साहेबांनी तपासून आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जुना व्रण असल्याचे सांगितले, आणि शस्त्रक्रियेत त्यांचेच निदान खरे निघाले. अशा गोष्टी ऐकताना आपली छाती फुगते, हे खरे. पण त्या प्रसंगातील माझ्या मते खरी शोभा वेगळी आहे. एका हकिमाने आपले मत सर्वांसमक्ष मांडले आणि ते चाकूच्या कसोटीवर लागू दिले. एका इंग्रज शल्यविशारदाने आपली चूक झाकली नाही, उलट पाहुण्याचा सन्मान केला. दोघांनीही रुग्णाच्या पोटापुढे स्वतःची प्रतिष्ठा दुय्यम मानली.

परतल्यावर आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालयाचे काम वेगाने सुरू झाले. २९ मार्च १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते दिल्लीतील करोलबाग येथे कोनशिला बसली. १३ फेब्रुवारी १९२१ रोजी उद्घाटन झाले ते महात्मा गांधींच्या हस्ते. या पाच वर्षांत देशात जालियनवाला बाग घडली होती आणि खिलाफत व असहकाराची चळवळ उभी राहिली होती. सरकारने दिलेली हाजिकुल मुल्क ही पदवी आणि कैसर-ए-हिंद पदक हकीम साहेबांनी १९२० मध्ये परत केले. मग जमियतच्या उलमांनी कानपूरच्या सभेत त्यांना मसीहुल मुल्क म्हणून गौरविले. उद्घाटनाच्या भाषणात गांधीजींनी यजमानांना फक्त गोड शब्द ऐकवले नाहीत. पाश्चात्त्य विज्ञानातील शोधक वृत्तीची त्यांनी स्तुती केली, वैद्य-हकिमांत ती वृत्ती उरली नाही असे बजावले, आणि रुग्णालये वाढणे ही काही सुधारणेची खूण नव्हे असेही सांगितले. हकीम साहेबांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले. कदाचित म्हणूनच त्यांनी त्यांना बोलावले असावे.

त्यांच्या राजकीय जीवनाविषयी येथे थोडक्यात. १९०६ मध्ये मुस्लिम लीगच्या स्थापनेच्या बैठकीत ते होते, आणि १९२१ च्या डिसेंबरात देशबंधू चित्तरंजन दास तुरुंगात असताना अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्ये जामिया मिल्लिया इस्लामिया स्थापन झाली तेव्हा ते तिचे पहिले कुलपती झाले. खिलाफतीचा जोर ओसरल्यावर जामिया बंद पडण्याची वेळ आली. १९२५ मध्ये त्यांनी ती दिल्लीत करोलबागेत आणली आणि आपल्या मिळकतीतून तिचा खर्च भागवला. हातातील हिऱ्याची अंगठीही त्यांनी त्यासाठी मोडली असे सांगतात.

आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांना एकाच गोष्टीचा ध्यास होता. जुन्या वनौषधींची आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीवर परीक्षा व्हावी. जर्मनीत शिकून आलेल्या सलीमुझ्झमान सिद्दिकी या तरुण रसायनशास्त्रज्ञावर तिब्बिया महाविद्यालयातील संशोधनाचे काम त्यांनी सोपवायचे ठरवले. ते काम पाहण्यास मात्र ते राहिले नाहीत. २९ डिसेंबर १९२७ रोजी रामपूर येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. दफन दिल्लीत झाले. अल्लाह त्यांच्यावर कृपा करो.

पुढे जे घडले ते त्यांच्या चरित्राचाच भाग आहे असे मी मानतो. सिद्दिकींनी सर्पगंधा ही वनस्पती हाती घेतली. बिहार-बंगालकडे तिच्या मुळीला लोक वेडावरचे औषध म्हणत. खवळलेल्या रुग्णाला ती शांत करी. १९३१ मध्ये त्यांनी तिच्यातील अल्कलॉइड वेगळी केली आणि काहींना हकीम साहेबांचेच नाव दिले. अजमलीन हे त्यांपैकी एक, आजही हृदयाच्या ठोक्यांच्या तपासणीत वापरले जाते. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेचे आपले अनुभव इंग्लंडच्या एका हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यापासून रेसर्पिन मिळाले व मनोरुग्णालयांत त्याचा सर्रास वापर सुरू झाला. काही वर्षांतच असे ध्यानात आले, की उन्मादात शांती देणारे हेच औषध काही रुग्णांना खोल खिन्नतेत ढकलते. निदान न करता दिलेली मुळी कोणाला तारील आणि कोणाला बुडवील हे सांगता येत नाही.

यवतमाळच्या वाचकांना ही गोष्ट दूरची वाटू नये. आपला जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी देशभर ओळखला जातो, याचे दुःख कोणाला नाही? २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. कर्ज, नापिकी आणि घरातील अबोला यांनी खचलेला माणूस झोप लागत नाही, छातीत धडधडते, जेवण जात नाही असे म्हणत येतो. मन बिघडले आहे असे तो म्हणत नाही. अशा माणसाला झोपेची पुडी देणारा, अंगात काही शिरले आहे म्हणून साखळी बांधायला सांगणारा, आणि त्याचे ऐकून घेऊन योग्य तज्ज्ञाकडे पाठवणारा, या तिघांपैकी तो कोणाच्या हाती पडतो यावर त्याचा जीव ठरतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात आग लागली आणि २८ मनोरुग्ण जळून मेले. साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळताही आले नाही. दुआ करणे आणि बेडी घालणे यांचा दीनमध्ये काही संबंध नाही, हे आपल्या मस्जिदींतून अधिक स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

हकीम साहेबांनी ज्या नोंदवहीसाठी झगडा केला ती अखेर मिळाली. मुंबई प्रांतातच १९३८ मध्ये वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि १९६१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने आयुर्वेद व युनानी व्यावसायिकांची राज्यभराची नोंदणी ठरली. मालेगाव आणि मुंबईतील तिब्बी महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडणारा तरुण आज मान वर करून पाटी लावतो. पण अधिकाराबरोबर मर्यादाही आली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात होमिओपॅथीच्या व्यावसायिकाने ॲलोपॅथीची औषधे दिल्याने रुग्ण दगावला तेव्हा त्यास निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले. जी विद्या शिकलो नाही तिच्यात हात घालणे हाच दोष, असे न्यायालयाचे मत पडले. प्रेषितांच्या (स.) शिकवणीचा आधार न घेता न्यायालय त्याच ठिकाणी पोहोचले, याची नोंद घ्यावीशी वाटते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये तर युनानीतील मुआलिजात नफ्सियात या विषयाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या हकिमाचा मानसिक आरोग्य व्यावसायिकांत समावेश आहे. त्याच कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, साखळीने बांधण्यास मनाई केली आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याची काळजी घेण्याचे शासनाचे कर्तव्य सांगितले आहे. म्हणजे घरातील कोणी अशा प्रसंगातून वाचला तर पोलिसांच्या भीतीने ते लपवण्याचे कारण उरलेले नाही. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा पातळीवरील मानसिक आरोग्याची सेवा आहे, आणि २०१५ पासून आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी शासनाचा प्रेरणा प्रकल्प आहे. ज्याच्याकडे आपण जातो तो हकीम असो, डॉक्टर असो की समुपदेशक, त्याने कोठे शिक्षण घेतले, त्याचा नोंदणी क्रमांक काय, आणि सांगितलेली गोष्ट तो चार भिंतींत ठेवील का, हे विचारण्यात बेअदबी नाही. मुंबईचा कायदा आला तेव्हा हकीम अजमल खानांनी हे प्रश्न आधी स्वतःच्या घराण्याला विचारले होते.